गोडं पान

पौषात ग्यानबाचं पत्र आलं होतं. त्याचं उत्तर मी दिलं नाही.

अक्षर शालूचं होतं, त्याच्या नातीचं. मजकूर मात्र शब्दन् शब्द ग्यानबाचा. "मास्तर, आमी आता येलदरीलाच हाव, कासाबाईच्या भावाकडं. येत्या शुक्रवारी हितं कंदुरी करायलोय. हरिओमचा नवस हाय, लांबवता येत न्हाई. तुमची चूल मांडणार. येता का न्हाई तेवढं कळवा. भांडण राहिलं आसंल तर ते बी संगं घिऊन या."

ग्यानबाच्या मुलाकडे, हरिओमकडे, फोन आहे. तरी ग्यानबानं पत्र लिहवून घेतलं, कारण फोनवर मी नुसता हं हं करतो हे त्याला माहीत आहे. तो मला मास्तर म्हणतो. मी कुठल्याही शाळेत एक दिवस शिकवलेलं नाही. गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो, निवृत्त झाल्यावरही कुलूप मीच उघडतो. ज्याच्या हातात पुस्तक तो मास्तर, असा ग्यानबाचा हिशोब. माझं नाव भगवानराव आहे, पण त्या नावानं हाक आली की मीच आधी मागे वळून बघतो, दुसरं कुणी आहे का म्हणून.

माझ्या गळ्यात माळ आहे. वडिलांच्याही होती. ग्यानबा मेंढरं-शेरडं राखणारा. आमच्या गावाच्या शिवेवर लिंबाखाली पिराचा चौथरा आहे, तिथं त्याच्या घरची कंदुरी, म्हणजे पिराला बोकड देऊन गावजेवण, दरसाल दिवाळी सरली की व्हायची. बोकडावर सुरी खाजामियाँ मुलाण्यानंच फिरवायची, एरवी ग्यानबाच्या घरचं कुणी तोंडात घास घालायचं नाही. आणि कंदुरीला माळकरी पाहुणा असला की त्याची चूल वाऱ्याच्या वरच्या अंगाला मांडायची, म्हणजे रश्शाचा वास त्याच्याकडे येत नाही. तिथं नव्या गाडग्यात पिठलं, तव्यावर भाकरी. याला गोडं पान म्हणतात. ते आधी वाढायचं. माळकऱ्यानं पहिला घास घेतल्याशिवाय खाऱ्या, म्हणजे मटणाच्या, पंगतीला हात लावायचा नाही.

मी दरसाल जायचो. जाताना रस्ताभर आम्ही भांडायचो.

"ग्यानबा, देव रक्त मागत नाही."

"मागत न्हाईच. कंदी मागितलं त्यानं? आमी देतो."

"मग नारळ दे."

"नारळानं गाव जेवतंय का? पीर काय खातो मास्तर, खातोत आमी. वरसातून एक दिस गावानं माझ्या हातचं खावं, येवढंच."

"एका मुक्या जिवाच्या मानेवर?"

"आन् तुमी पोखर्णीला जाऊन हात जोडता ते? तुमचा नरसिंव खांबातून काय खिरापत वाटायला निघाला व्हता व्हय?"

याचं उत्तर मी अनेक वर्षं पुस्तकांतून शोधलं. मिळालेली उत्तरं त्याला सांगितली. तो लक्ष देऊन ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "बरं हाय. पुढल्या साली आणखीन वाचून या." मग मी वरच्या चुलीपाशी बसून पहिला घास घ्यायचो आणि खाली पंगत सुरू व्हायची.

या भांडणावर मी एकदा लेख लिहिला. परभणीच्या एका साप्ताहिकात छापून आला. धाडण्याआधी ग्यानबाला वाचून दाखवला होता. सुरुवातीला माझं म्हणणं होतं: देव रक्त मागत नाही, आणि त्याच्या नावानं जीव मारणं मला पटत नाही. पुढं ग्यानबाचं म्हणणं, जसंच्या तसं. शेवटी असं की आमचा निकाल लागलेला नाही, तोवर आम्ही दोन चुलींवर जेवतो. ग्यानबा म्हणाला, "चांगलं लिव्हलंय. पर माझं म्हणनं जास्त चांगलं लिव्हलंय तुमी."

लेख कुणी वाचला असेल असं मला वाटलं नव्हतं. एकानं वाचला होता. पोस्ट सांभाळणाऱ्या दत्तरावांचा मुलगा, बजरंग.

यंदाच्या दिवाळीत तो वाचनालयात आला आणि माझ्या पाया पडला. मागे चार-सहा पोरं. "काका, तुमचा लेख आमी गटावर टाकलाय. लोकायला लय आवडला. असे विचार करणारा माणूस आपल्या गावात हाय आन् आपल्याला पत्ताच न्हाई." मला आनंद झाला होता. खोटं कशाला लिहू? आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं झटकून ठेवणाऱ्या माणसाला कुणीतरी त्याचंच वाक्य म्हणून दाखवलं. बजरंगनं माझं वाक्य एकही शब्द न चुकता म्हणून दाखवलं.

पुढल्या आठवड्यात चावडीपाशी फ्लेक्स लागला. वर माझा फोटो, खाली "देव रक्त मागत नाही – भगवानराव काका" आणि त्याखाली, पिराच्या चौथऱ्यावरची कंदुरी गावानं बंद करावी असं आवाहन. लेखातला ग्यानबा त्यात नव्हता. दोन चुली नव्हत्या. पण वाक्य माझंच होतं, आणि ते खरं आहे असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. मी घरी जाऊन बसलो. फ्लेक्स काढा असं म्हणायला जायचं ठरवलं, तर तोंडून काय निघणार? की देव रक्त मागतो?

मारुतीच्या पारावर सभा झाली, तिथं मला शाल आणि नारळ दिला. मी शाल घेतली.

कंदुरीच्या दिवशी ग्यानबा बोकड घेऊन चौथऱ्यावर आला. सोबत त्याची बायको कासाबाई, काठी टेकत हरिओम. मागच्या साली उसाची ट्रॉली उलटून हरिओमचे दोन्ही पाय गेल्यात जमा होते. परभणीच्या डॉक्टरनं ते वाचवले असं मी म्हणतो. ग्यानबानं त्याच दिवशी बोकडाचा कान कातरून तो पिराच्या नावानं ठेवला होता. असा बोकड विकता येत नाही, दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. तो द्यावाच लागतो, आणि ज्याच्यासाठी ठेवला तो पोरगा समोर चालत असताना दिला नाही तर बापाला झोप लागत नाही.

चौथऱ्यावर पोरं आधीच जमली होती. मला त्यांनी घरून आणलं होतं. शाल त्यांनीच आठवणीनं खांद्यावर घालायला लावली. खाजामियाँ कुठं दिसेना. त्याला सकाळी घरी जाऊन सांगितलं होतं, इकडं फिरकू नको.

बजरंग गोड आवाजात म्हणाला, "ग्यानबाबा, नवस फेडायला आमची ना न्हाई. हे कोहळं आणलंय आमी. ह्येच कापा. बोकड बी वाचंल, नवस बी फिटंल." एकानं फोन वर धरला होता.

ग्यानबानं कोहळ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "आरं, नवस माझा. बोकड माझा. कोहळं कुनाचं हाय?"

कुणीतरी हसलं.

"खाजा कुठंय?"

"त्याची गरज न्हाई आता."

"गरज मला हाय ना." मग तो माझ्याकडं वळला. "मास्तर, तुमीच सांगा. तुमी कंदी मला म्हनला का, करूच नगं? हाताला धरलं का माझ्या?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. फोनही वळला. मला बोलायचं होतं. मी त्याला म्हणालो होतो, करू नको. हजारदा म्हणालो होतो. पण हाताला धरलं नव्हतं, आणि कुणी धरलं असतं तर मी मध्ये पडलो असतो, असं मी स्वतःबद्दल समजत होतो. यातलं आधी काय सांगावं हे माझं ठरेना. मी चष्मा काढून शालीच्या टोकानं पुसत राहिलो.

कोहळं बजरंगनं कापलं. कुंकू लावून, घोषणा देऊन. ग्यानबानं बोकडाची दोरी हाताला गुंडाळली आणि कासाबाईला म्हणाला, "चला." ती माझ्यापाशी क्षणभर थांबली. "शाल झ्याक हाय, भाऊजी," म्हणाली आणि गेली.

महिन्याभरात त्यांनी मेंढरं येलदरीकडं हलवली. आणि मग ते पत्र आलं.

मी उत्तर लिहायला बसत होतो. एकदा लिहिलं की माझं वाक्य तोडून लावलं, माझा तसा अर्थ नव्हता. ते खोटं होतं, अर्थ तसाच होता. एकदा लिहिलं की कंदुरी करण्यात काही वावगं नाही. तेही खोटं. एकदा नुसतं लिहिलं की येतो, आणि मग डोळ्यांपुढं आलं की बसथांब्यावर पोरं बसलेली असतात, ती विचारणार, काका कुठं निघाले? शुक्रवार आला आणि गेला. त्या दिवशी मी वाचनालयात धर्मग्रंथांचं कपाट पुन्हा लावलं. त्याला कुणी हात लावलेला नव्हता, तरी लावलं.

मग परवा खाजामियाँ आला. तो वाचनालयात पेपर वाचायला यायचा, दिवाळीनंतर बंद झाला होता. आला, बाकावर बसला, पेपर उघडला नाही.

"झाली कंदुरी," म्हणाला. "मी गेल्तो. पहाटंच्या बसनं गेलो, कुनाच्या नजरंला नगं म्हणून."

"चांगली झाली?"

"झाली म्हणायची. लय टाइम लागला." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "कासाबाईनं वरच्या अंगाला तुमची चूल मांडल्ती. पिठलं झालं, भाकरी झाल्या. खाली रस्सा कवाच शिजला. पाहुणे बसले. ग्यानबा म्हणे, थांबा, बस उशिरा आसंल. दोन बशी आल्या, गेल्या. लेकरं रडाया लागली. तरी ह्यो बाबा पान वाढू देईना. गोडं पान खाल्ल्याबिगर खारं कसं वाढायचं, म्हणे."

"मग?"

"मग काय. त्या चुलीवर मी बसलो."

मला कळलं नाही. तो समजावून सांगू लागला, लहान मुलाला सांगावं तसं. "तुमच्या जागी हो. म्हणलं, आज मी माळकरी. पिठलं-भाकर खाल्ली. पयला घास घेतला तवा पंगत उठली... म्हणजे बसली. आता गोडं पान खाल्ल्यावर खारं कसं खायचं? सुरी मी फिरवली आन् बोटी मला न्हाई!" तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा तोही थांबला.

"ग्यानबा काही म्हणाला?"

"म्हणला, भांडायला तरी यायचं व्हतं. नुसतंच आलं न्हाई, ह्ये काय भांडन झालं?" मग टोपी पुन्हा डोक्यावर ठेवत, "मास्तर, एक इचारू? त्या पिठल्यात मीठच नसतंय. कासाबाईला इचारलं तर म्हणली, मास्तर कंदी काय बोलले न्हाईत. येवढी सालं तुमी तसंच खाल्लं?"

"हो."

"कमाल हाय तुमची," खाजामियाँ म्हणाला. पेपर न वाचताच तो उठला. दारात थांबून म्हणाला, "मला बी त्या दिवशी सकाळी घरी येऊन सांगून गेले, इकडं फिरकू नगं. मला वाटलं, मास्तर तरी येतील इचारायला." माझ्या उत्तराची वाट न बघता तो पायऱ्या उतरून गेला.

आज सकाळी मी पोस्टात जाऊन कार्ड मागितलं. पोस्ट म्हणजे दत्तरावांच्याच घराची पुढची खोली. तिथल्याच स्टुलावर बसून लिहिलं, नाहीतर घरी नेऊन परत ठेवून दिलं असतं.

"ग्यानबा, तुझी कंदुरी मला पटत नाही. हरिओमचे पाय डॉक्टरांनी वाचवले. देव रक्त मागत नाही, हे मी लिहिलं होतं आणि अजून तसंच मानतो. पण तुझा नवस कसा फेडायचा हे तू ठरवायचं. गावानं तुला अडवलं तो जुलूम होता, माझं नाव लावून अडवलं, आणि मी शाल घेऊन गप्प उभा राहिलो. त्या दिवशी खाजामियाँला घरी थांबवलं तोही जुलूम. पुढल्या साली चौथऱ्यावर कंदुरी कर. अडवणाऱ्यांच्या आणि तुझ्या मध्ये मी उभा राहीन. राहीन असं आज तरी वाटतं. कासाबाईंना सांग, पिठल्यात मीठ कमी असतं. भगवानराव."

दत्तरावांकडं दिलं. कार्ड वाचायची त्यांना सवय आहे, गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि खण उघडला.

"भगवानराव, पाकीट घ्या. माझ्याकडून. आत घाला ह्ये."

"नको."

"पोराच्या नजरंला पडलं तर उगाच... तो घरातच हाय."

"पडू द्या."

"आवाज चढवू नगा," ते हळूच म्हणाले. मी आवाज चढवला नव्हता, पण त्यांनी आतल्या दाराकडं बघितलं. "तुमी वाचनालयात येकटे बसता. उद्या कुनी तिथं यायचं न्हाई."

"आजही कुणी आलेलं नाही."

त्यांनी कार्ड खालीवर फिरवलं, पुन्हा एकदा शेवटच्या ओळीशी थांबले. मला वाटलं ते परत देतील, आणि खरं सांगायचं तर दिलं असतं तर मी घेतलं असतं. त्यांनी शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर दाबला आणि कार्डावर मारला. मग ते येलदरीच्या गठ्ठ्यात ठेवलं, मजकूर वरच्या बाजूला.

आतून बजरंगनं विचारलं, "कोन हाय हो बाबा?"