दोनशे बारा पानांतलं एक

मी एका चावीवाल्याच्या वेबसाइटचं पान बोलतोय. "आम्ही तुमच्याच भागात आहोत" असं सांगणाऱ्या पानांवर अजिबात विश्वास ठेवू नका. मीही तेच सांगतो, आणि मी धादांत खोटारडा आहे.

जन्मतः मी असा नव्हतो. चावीवाला कानशीने किल्ली घासत बोलत होता आणि त्याची बायको काउंटरवर बसून टाइप करत होती. "लिही, मूल आत अडकलं तर दार तोडू नका. मुठीला बाहेरून बारीक खाच असते. तिच्यात नाण्याची कड घालून फिरवा." बस, एवढाच मी. पण कामाचा होतो.

मग एक वेबसाइटवाला आला. "वहिनी, सगळं इथेच सांगितलंत तर फोन कोण करणार?" असं म्हणत त्याने माझ्या त्या ओळी उपटल्या आणि भुसा भरला. 'कुलूप अडकलं? कुलूप उघडायचंय? उत्तम कुलूप सेवा!' वर माझ्या दोनशे अकरा नकला काढल्या, प्रत्येकीत फक्त भागाचं नाव वेगळं. चावीवाल्याने जिथे कधी पाऊल टाकलं नाही, तिथेही आम्ही 'वीस मिनिटांत हजर'! त्या मेल्या वेबसाइटवाल्याला लाज कशी वाटली नाही?

एका दुपारी एका बाईने मला फोनवर उघडलं. तिचं दोन वर्षांचं पोर बाथरूमच्या कुलपाचं बटण आतून दाबून अडकलं होतं आणि गरम पाण्याचा नळ चालू होता. ती मला वरून खाली वाचायची, पुन्हा वाचायची. कुलूप, कुलूप, कुलूप. मला माझीच किळस आली. शेवटी तिने नंबर दाबला.

"काका, लवकर या हो!"

"बाई, मी दोन तास लांब आहे. मुठीवर खाच दिसते? नाणं घाला. फिरवा."

दार उघडलं. पोराचं रडणं जवळ आलं, तशी ती भडकली. "एवढंच होतं, तर लिहायला काय झालं होतं तुम्हाला?"

"लिहिलं होतं, बाई," एवढंच तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं, "सगळा कचरा काढ. आपलं पहिलं पान तेवढं ठेव."

ती एकेक पान उघडत बसली. त्र्याण्णवावा मी होतो. तिने मला नीट वाचलं. "हेही त्या वेबसाइटवाल्याचंच," म्हणाली आणि पान पुसून टाकायच्या बटणावर बोट नेलं.

ते पहिलं पान मीच होतो. तिच्या जागी मी असतो, तरी मला ओळखलं नसतं. दाब, आई.