दोन नमस्कार

"ग्रामस्थहो, मी सरपंच बोलतोय," एवढं भोंग्यावर म्हणालो आणि टेकडीवरच्या एकशे चाळीस कुत्र्यांनी गळा काढला. रोजचंच. खताची पोती आलीत, एवढंच सांगायचं होतं. तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा कुणाला कळलं नाही. शेवटी भोंग्यावरच एक शिवी हासडली. ती मात्र अख्ख्या गावाला स्वच्छ ऐकू गेली.

वळून बघतो तर दारात मालसुन. त्या कुत्र्यांची सांभाळकरीण.

"सरपंच, शिवी मला होती का कुत्र्यांना?"

"वाटून घ्या."

मालसुनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. तालुक्याच्या गावी बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरात तिनं अठ्ठावीस वर्षं लोकांच्या पाठी घासल्या. आमच्या सोत्गोल गावातल्या एकूण एक बाईची पाठ मालसुनला पाठ आहे, असं माझी बायको बुन्नाम म्हणते. ओल्या फरशीवर टेकून टेकून तिचे गुडघे कामातून गेले. नवरा वारल्यावर तिनं टेकडीवरच्या त्याच्या अळिंब्यांच्या शेडमध्ये एक टाकून दिलेलं कुत्रं आणलं, मग दुसरं. अकरा वर्षांत ही पलटण उभी राहिली. मला त्या पलटणीचा मनापासून राग होता. उगाच खोटं कशाला बोलू?

आता तिला शेडशेजारी उपचाराची खोली बांधायची होती. आठवड्यातून दोनदा डॉक्टर येणार, आणि गावात दारोदारी साखळीला बांधलेल्या कुत्र्यांनाही लस नि ऑपरेशन फुकट. राजधानीतल्या लोकांनी फोनवरून वर्गणी पाठवली होती, गावातल्या बायकांनी वर्षभर किमची, कोबीचं तिखट लोणचं, घालून विकली होती. पैसा जमला होता. अडलं होतं फक्त गावाच्या संमतीपाशी. आमच्याकडे सहीऐवजी घरटी एक नावाचा शिक्का असतो; चाळीस घरांपैकी एकवीस घरांचे शिक्के कागदावर हवे होते.

"तुमचा पडला की बाकीचे आपोआप पडतील," मालसुन म्हणाली.

"आधी भूमीची पूजा कर. गावच्या रीतीनं. डुकराचं डोकं मांड, त्याच्या तोंडात गाव नोटा खोचेल. डोकं हसरं हवं हां, तेच शुभ. ते आण, मी शिक्का मारतो. शब्द."

साप मरावा आणि काठीही तुटू नये, असा माझा बेत होता. राजधानीतली ती वर्गणीदार मंडळी मुंगी मेली तरी रडणारी. प्राण्यांच्या आश्रमात उकडलेलं मुंडकं मांडलेलं पाहिलं की वर्गणी परत मागणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मालसुनलाही ते कळलं.

"हसरंच हवं?"

"हसरंच."

"बरं."

पूजेच्या दिवशी सगळं गाव टेकडीवर लोटलं. भाताचे केक, सुके मासे, तांदळाची दारू, सगळं जिथल्या तिथं. राजधानीहून दोन पोरी आल्या होत्या, फोन उगारून उभ्या. चौरंगाच्या मधोमध जागा मोकळी होती. मी मनातल्या मनात मांडे खात होतो.

एवढ्यात शेडमागून मालसुन आली. हातात दोरी, दोरीला शंभर किलोचं जिवंत डुक्कर, गळ्यात लाल फीत. राजधानीतल्या कुणा जोडप्यानं, हे लहानच राहतं म्हणून, हौसेनं पाळलं होतं. मोठं झाल्यावर मालसुनच्या दारात बांधून, शेजारी सफरचंदांचं खोकं ठेवून गेले. नाव होबाक, म्हणजे भोपळा.

"डोकं आणलंय," मालसुन म्हणाली. "हसतंय का नाही, बघून घ्या."

"आणि हे धड?"

"सुटं मिळालं नाही."

सगळं गाव खिदळलं. माझं पित्त खवळलं. बुन्नाम पुढे झाली, पन्नास हजार वॉनची पिवळी नोट तिनं डुकराच्या तोंडाशी धरली. त्यानं ती गट्ट केली.

"अगं, खाल्ली की!" मी ओरडलो.

"खाऊ द्या. वाट चुकली म्हणायची, नाहीतर तुमच्या दारूत गेली असती."

पहिला नमस्कार सरपंचाचा असतो. आमच्याकडे नमस्कारांचा नियम लहान पोरालाही ठाऊक आहे: जिवंताला एक, मेलेल्याला दोन, भूमीला तीन. गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून. माणसाला चुकीचा आकडा म्हणजे भांडण.

"जित्या डुकरापुढे मी डोकं टेकू?" मी म्हणालो.

"मेलेल्यापुढे टेकता ना?"

मी नाही टेकलं. बाकीच्यांनी टेकलं, हसत हसत. मग नोटा डुकराऐवजी पातेल्यात पडू लागल्या आणि चौरंगावरच्या कागदावर शिक्के. म्हातारे खिशातून शिक्का काढायचे, फुंकर मारायचे, लाल शाईत बुडवायचे. "जे शिक्का मारतील त्यांनी खतासाठी माझ्या दारात यायचं नाही," असं मी मोठ्यानं सांगितल्यावर मात्र रांग फुटली. कुणी टोपी सारखी केली, कुणाला घरची गुरं आठवली.

कागदावर वीस शिक्के होते. एकविसावा माझ्या खिशात.

"डोकं आणलं, हसरं आणलं," मालसुन म्हणाली. "शब्द दिला होता तुम्ही."

"रीतीनं आण म्हणालो होतो. ही काय रीत?"

बुन्नामनं माझ्यापुढे तळहात पसरला. "शिक्का द्या. घर माझंही आहे."

मी खिशात मूठ आवळून उभा राहिलो. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

मालसुन माझ्यासमोर आली आणि मोडके गुडघे टेकून तिनं कपाळ मातीला लावलं. आली वठणीवर, मला वाटलं. मी छाती काढली. ती मांडीवर हात रेटत उठली. गुडघ्यांचा कडकड आवाज मला ऐकू आला. आणि ती पुन्हा खाली वाकली. कपाळ मातीला लावलं. दुसऱ्यांदा.

कुणी हसलं नाही. मालसुननं डुकराची दोरी धरली आणि ती शेडकडे निघून गेली.

पानगळीच्या दिवसांत चार ट्रक आले आणि कुत्री डोंगरापलीकडच्या गावाला गेली. तिथं एका दुपारीत सगळे शिक्के पडले म्हणे. खोली उभी राहिली. दर गुरुवारी बुन्नाम शेजारणीच्या टेम्पोतून आमचं कुत्रं घेऊन तिकडे जाते. मला विचारत नाही. तिनं स्वतःच्या नावाचा वेगळा शिक्का करून घेतलाय.

आज पुन्हा खताची पोती आली. सकाळी भोंगा लावला. "ग्रामस्थहो, मी सरपंच बोलतोय," म्हणालो आणि थांबलो. अजूनही थांबतो, कुत्र्यांचा गळा काढून व्हायला जेवढा वेळ लागायचा तेवढा.