वीस मीटरची गाडी

ग्लिनला मी त्या सकाळी तीनदा बजावलं होतं. "हे बघ, ती तपासणीवाली बाई आली की खुर्चीतून हलायचं नाही. दार मी उघडीन, चहा मी आणीन. तू नुसतं बसायचं आणि जे आहे ते सांगायचं. कळलं?"

"कळलं गं बाई," म्हणाला. आणि न्हाणीघरात जाऊन गुळगुळीत दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, वर टाय बांधून बाहेर आला. टाय! मी म्हटलं, "अरे, तुला चालता येत नाही हे बघायला येतेय ती, आणि तू नवरदेव होऊन बसलायस?" तर म्हणे, "डेलिथ, घरी कुणी येणार म्हटल्यावर माणसानं नीट दिसायला नको?"

कपाळ माझं!

आमचा ग्लिन, म्हणजे माझा नवरा, या खोऱ्यातला पोस्टमन. अठ्ठावीस वर्षं याच चढउतारांच्या गल्ल्यांतून पिशवी घेऊन हिंडला. मग पायांतल्या नसा हळूहळू जायला लागल्या. डॉक्टरांनी त्या दुखण्याला लांबलचक नाव दिलं, औषध मात्र फारसं दिलं नाही. टपालवाले चांगले म्हणायचे, त्यांनी त्याला डोंगरापलीकडच्या शेडमध्ये बसल्या जागी पत्रं वेगळी करायचं काम दिलं. आठवड्याचे चार दिवस. पण सकाळी सातला तिथं पोचायचं, आणि आमच्याकडून पहिली बस निघते साडेआठला, ती पण ड्रायव्हर आला तर.

म्हणून गाडी. अपंगांना हिंडण्याफिरण्यासाठी सरकारी भत्ता मिळतो, त्यात दोन पायऱ्या असतात. वरच्या पायरीचा भत्ता मिळत असेल तर तो गाडीवाल्या योजनेकडे वळता करायचा, आणि ते तीन वर्षांसाठी गाडी देतात. ब्रेक आणि वेग दोन्ही हातानं चालवता येतील अशी करून देतात. त्या गाडीत बसला की ग्लिन पहिल्यासारखा दिसायचा. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाला कळायचंही नाही की याचे पाय कामातून गेलेत. खरं सांगते, मलाही तेवढा वेळ विसर पडायचा.

वरची पायरी कुणाला? ज्याला वीस मीटरच्या पुढं धड चालता येत नाही, त्याला. बारा गुण लागतात. वीसच्या पुढं काठी टेकत का होईना गेलात की दहा गुण, खालची पायरी, आणि गाडी परत. माणसाचं सगळं आयुष्य तोलायचं ते या दोन गुणांवर! कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे, देव जाणे.

दर काही वर्षांनी फेरतपासणी होते. त्याचा फॉर्म मीच भरला होता, कारण ग्लिनच्या हातात दिला असता तर प्रत्येक प्रश्नापुढं त्यानं 'ठीक आहे' लिहिलं असतं. तीन दिवस बसून भरला. किती वेळा पडतो, किती वेळा पाय अडकतात, सगळं लिहिलं. पण मी चॅपेलमध्ये प्रार्थना म्हणत वाढलेली बाई, सरकारी कागदावर खोटं लिहिणार नाही. बरा दिवस असला तर काय जमतं असं त्यात विचारलं होतं. तिथं मी लिहिलं, की काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातात आणि पेपर घेऊन येतात. जायचाच तो. रोज. चाळीस मीटरवर दुकान, आणि स्वारी परतायची अर्ध्या तासानं. "दुकानातल्या बेरिलशी गप्पा छाटत बसतोस!" म्हणून माझी बोलणी खायचा आणि गालात हसायचा.

तर ती बाई आली. बाई कसली, पोरच होती, पंचविशीतली. गळ्यात ओळखपत्र, मांडीवर लॅपटॉप. स्वभावानं गोड होती, हे मी कबूल करते.

"कसे आहात, मिस्टर प्रॉसर?"

"तक्रार नाही पोरी, मजेत," ग्लिन म्हणाला.

आता आमच्याकडची ही रीतच आहे. आमच्या खोऱ्यात माणूस जिन्यावरून गडगडत खाली आला आणि तुम्ही विचारलंत, 'कसं काय?', तर पडल्या पडल्या म्हणेल, 'मजेत, तुम्ही कसे आहात?' दुखतंय म्हणून सांगणं म्हणजे लाज. पण तपासणीच्या दिवशी तरी! मी त्याच्याकडं असे डोळे वटारले, पण तो बघेल तर शपथ.

मी चहा करायला आत गेले. किटली उकळली, ट्रे भरला, आणि वळते तर दारात हा उभा! एक हात चौकटीवर. म्हणाला, "दे इकडं."

मी दबक्या आवाजात म्हटलं, "बस जा जाऊन, मेल्या!"

"माझ्या घरी आलेल्या माणसाला पहिला चहा मीच देणार," असं म्हणून त्यानं ट्रे घेतला सुद्धा. चार पावलं. कप खडखडत होते, टाय चहात बुडायचा राहिला, पण नेला. आणि वर त्या पोरीला विचारतोय, "साखर?" ती पोरगी हसली आणि तिनं टकटक काहीतरी लिहून घेतलं. मला तिथंच कळलं, की गेली गाडी.

दीड महिन्यानं पत्र आलं. दहा गुण. मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं वाचलं. "'दिसायला प्रसन्न. स्वतः उठून चहाचा ट्रे आणला.' ऐकलंस? 'ट्रे आणला'! झालं समाधान? आणखी एक कप पाजायचा होतास तिला!" खाली आणखी एक ओळ होती. पेपर आणायला दुकानापर्यंत जातात, हे फॉर्ममध्ये नमूद आहे. ती मी मनातच वाचली. ते खरंच होतं, त्यात बोलण्यासारखं काय?

ग्लिन टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत बसला.

नोव्हेंबरात गाडी न्यायला माणूस आला. आदल्या दिवशी या शहाण्यानं स्टुलावर बसून बादलीभर पाण्यानं गाडी धुतली. का, तर "मळकी गाडी कशी परत द्यायची?" आणि त्या माणसालाही चहा! मी म्हटलं, "ग्लिन, तुझं घर लुटायला चोर आला तरी तू विचारशील, दूध घालू का?" तो माणूस बिचारा हसावं की रडावं अशा तोंडानं कप घेऊन उभा. गाडी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली, तरी ग्लिन दाराला टेकून बघतच होता. मी त्याला आत ये म्हणाले नाही. तेवढी अक्कल मला होती.

शेडमधल्या साहेबानं फोन करून सांगितलं, "मार्चअखेरपर्यंत तुझी जागा राखून ठेवतो, ग्लिन. त्यापुढं माझ्या हातात नाही."

मग मी कंबर कसली. फेरविचाराचा अर्ज केला, त्याला जुनंच उत्तर नव्या तारखेनं आलं. फोन केला की चाळीस मिनिटं बाजा ऐकायचा, आणि मग कुणीतरी विचारणार, "जन्मतारीख?" मी म्हणायचे, "त्यांना वीस मीटर चालता येत नाही हो!" ते म्हणायचे, "मॅडम, आधी जन्मतारीख." रोज कुणाशी ना कुणाशी भांडण, आणि भांडायला कुणी नसलं की ग्लिनशी. विषय एकच, ट्रे. पाच महिने मी त्याला त्या ट्रेवरून धुतला. तो ऐकून घ्यायचा आणि सकाळी काठी उचलून पेपर आणायला निघायचा.

शेवटी अपिलाची तारीख मिळाली, एकोणीस मार्च. शेजारच्या गॅरेथनं आम्हाला गाडीनं शहरात सोडलं. वाटेत मी शेवटचं बजावलं, "मजेत हा शब्द काढलास तर तिथंच सोडून येईन तुला."

"नाही काढणार."

"आणि कुणाला उठून खुर्ची देऊ नकोस!"

खोली साधीच होती. एक लांब टेबल, पलीकडं तिघं. मधे न्यायाधीश बाई, केस पिकलेल्या. एका बाजूला डॉक्टर, आणि दुसऱ्या बाजूला स्वतः चाकाच्या खुर्चीत बसलेला एक गृहस्थ. मी सगळी तयारी करून गेले होते. ट्रेबद्दल तर माझं भाषणच तयार होतं: चारच पावलं होती, चौकटीला धरून होता, नंतर दोन दिवस पडून होता. मी सुरुवात केली, तशी न्यायाधीश बाईंनी हात वर केला.

"मिसेस प्रॉसर, त्या चहाला आम्ही फारसं महत्त्व देत नाही. माझेही वडील तसेच होते." त्यांनी कागद उलटला. "अडचण वेगळी आहे. हे अक्षर तुमचं ना? 'कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातात आणि पेपर घेऊन येतात.' किती अंतर आहे?"

"चाळीस मीटर," मी म्हटलं. म्हणजे पाच महिने मी त्याला ज्याच्यावरून फाडून खात होते, त्या ट्रेमुळं काहीच गेलं नव्हतं. गाडी गेली होती ती माझ्या लेखणीनं.

"मिस्टर प्रॉसर, तुम्ही रोज तिथपर्यंत जाता?"

ग्लिनच्या काठीची मूठ या हातातून त्या हातात.

मी म्हटलं, "बरा दिवस असला तरच, मॅडम, आणि येईपर्यंत त्यांना..."

"त्यांना बोलू द्या."

ग्लिन माझ्याकडं बघत नव्हता. टेबलाकडं बघून म्हणाला, "मी दुकानापर्यंत जात नाही."

"म्हणजे कधी कधी जात नाही?"

"कधीच नाही. दोन वर्षं झाली. आमची गल्ली वळणाची आहे. दारातून निघालं की तीन घरं सोडून पंचविसावा नंबर, त्याच्यापुढं बुटकी भिंत आहे. तिथं मी बसतो. घरातून दिसत नाही. बेरिलला गिऱ्हाईक नसलं की ती दुकानातून पेपर घेऊन तिथं येते. मी म्हटलंय तिला, डेलिथला सांगू नकोस."

डॉक्टरांनी हळूच विचारलं, "त्या भिंतीपर्यंत किती अंतर?"

"चौदा मीटर. त्या गल्लीत मी अठ्ठावीस वर्षं पत्रं टाकलीत, साहेब, माझा अंदाज चुकत नाही. पोचलो की पाय थरथरायला लागतात. वीस-पंचवीस मिनिटं बसलं तर परत फिरता येतं. मागच्या महिन्यात दोनदा नाही आलं. गॅरेथनं धरून आणलं, म्हटलं दारापाशी सोड, आत नको येऊस."

"हे फॉर्ममध्ये का नाही लिहिलंत?"

"ती लिहीत होती," ग्लिन म्हणाला. "तिला वाटत होतं मी जातो. वाटू दे म्हटलं."

मला काही बोलताच येईना. मला, डेलिथ प्रॉसरला! त्या खोलीत सगळे माझ्याकडं बघतायत असं वाटलं, आणि मी आपली माझ्या पर्सचा बंद उघडतेय, लावतेय.

आम्हाला बाहेर बसवलं. दहा मिनिटांनी परत आत बोलावलं. बारा गुण. वरची पायरी. मार्च संपायला अजून बारा दिवस होते, न्यायाधीश बाई म्हणाल्या की लेखी निकाल आजच पाठवतो, तो दाखवून गाडी लगेच मागता येईल. ग्लिननं तिघांचे आभार मानले, उठायचा प्रयत्न करून मानले. मी त्याला थांबवलं नाही.

बाहेर दारापाशी बाक होता, तिथं गॅरेथची वाट बघत बसलो. ग्लिननं शेडमधल्या साहेबाला फोन लावला. "हो, मिळतेय. हो, येतो." त्याचा आवाज किती दिवसांनी मोकळा झाला होता. आणि मला आत परत जावंसं वाटत होतं. त्या तिघांना सांगावंसं वाटत होतं, अहो, नीट बघा, चूक झालीय तुमची, हा पोस्टमन आहे. पाच महिने मी जगाशी भांडत होते, की या माणसाला वीस मीटर चालता येत नाही, येत नाही, येत नाही. कुणी मानायला तयार नव्हतं. आणि सगळ्यांत कमी मानलं होतं मीच.

मला रडू फुटलं. रस्त्यावर, भर दुपारी, नाक वाहेपर्यंत.

ग्लिन घाबरला. फोन खिशात टाकून माझा हात धरला. "अगं, डेल, काय झालं? आपण जिंकलोय!"

"माहितेय!" मी त्याच्यावर ओरडले. "माहितेय मला!"