खरा वाग्नेरियन

माझी थोरली बहीण बाबेट हिच्या लेकीचं लग्न झालं ते १९११ साल. लग्न जुलैत ठरलं होतं, ते मे महिन्यात ओढलं, कारण जुलैत टेकडीवरच्या नाट्यगृहात संगीतकार वाग्नरच्या नाटकांचा उत्सव सुरू होतो आणि त्या दिवसांत आमच्या जर्मनीतल्या बायरॉइट गावात जन्म, लग्न असली किरकोळ कामं कोणी काढत नाही.

वाग्नर वारून बरीच वर्षं झाली होती, पण त्याच्या नावाचे शब्द गावात डासांसारखे वाढले होते. सूप घट्ट झालं की वाग्नेरी. नवराबायकोचं भांडण जेवणापर्यंत लांबलं की तेही वाग्नेरी. हे शब्द कोणीही वापरावेत. पण 'वाग्नेरियन' म्हणजे त्याचा खरा भक्त, आणि तो कोण हे ठरवायचे पेन्शनीतले हेडमास्तर डेगेनकोल्ब. बिअरखान्यात खिडकीजवळच्या मेजावर त्यांची मंडळी बसे. त्या मेजावर वाग्नेरियन सोडून कोणी बसायचं नाही.

माझे दाजी, ओटमार, यांना त्या मेजावर बसायचं होतं. दुसरं काही नको होतं. पावाची भट्टी होती, कर्ज नव्हतं, बायको तोंडाची तिखट पण हाताची गोड. तरी जीव त्या एका खुर्चीत अडकलेला.

१९०८ साली त्यांनी घोटाळा केला. वाग्नरच्या त्या शेवटच्या, पवित्र प्याल्याच्या नाटकात पहिल्या अंकानंतर टाळी वाजवत नाहीत. देवळातून उठावं तसं गप्प उठायचं. दाजींना खेळ आवडला, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानं. हेडमास्तर म्हणाले, "ओटमार, आवडणं ही सर्कशीतली गोष्ट आहे." पुढच्या वर्षी टाळी आवरली, पण मध्यरात्री उठून पीठ मळणारा माणूस, दुपारी चारला अंधारात बसवला, तो घोरला.

"ढोल वाजत होते हो तेव्हा," दाजी म्हणाले.

"ढोलाच्या वर ऐकू येत होतं," हेडमास्तर म्हणाले.

दहा साली उत्सव नव्हता. दाजींनी तेवढ्यात तालीम केली. भट्टीसमोर लाकडी खुर्ची मांडायची आणि न खोकता, न हलता बसायचं. छातीत कळ येई, ती दाबून बसत.

"अहो, डॉक्टरला दाखवा," बाबेट म्हणे.

"उत्सव झाल्यावर दाखवतो. आधी सांगितलं तर तो झोपून राहा म्हणेल."

"मग झोपा की. घरी घोरलात तर मी मेजावरून उठवत नाही."

अकरा सालच्या ऑगस्टात त्याच नाटकाला दाजी मधे, उजवीकडे हेडमास्तर आणि डावीकडे मी. बाबेटनं आपलं तिकीट मला दिलं होतं. "मी चर्चमध्ये रविवारी बसते तेवढं पुरे," म्हणाली. दाजींनी आदल्या रात्री भट्टी गड्यांवर सोडून झोप काढली होती. दिवे मालवले, दारं बंद झाली. सुरुवातीला त्यांचा श्वास जड वाटला. मग तोही ऐकू येईना. मान खाली गेली होती. मला वाटलं, डोळा लागला, पण घोरत नाहीत. मी देवाचे आभार मानले. तेवढ्यात समोरच्या बाईचा पंखा वाजला, तर हेडमास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं पंखा पोटाशी धरला.

अंक संपला. कोणी टाळी वाजवली नाही. लोक गप्प उठले, बाहेर सॉसेज खायला निघाले. दाजी बसूनच.

हेडमास्तर माझ्या कानाशी कुजबुजले, "उठवू नका. पाहा, अजून त्यातच आहे. खोकला नाही, हलला नाही. आज मी म्हणतो, हा खरा वाग्नेरियन."

मी दाजींचा हात धरला. तो गार होता.

डॉक्टर म्हणाले, काळीज बंद पडलं, अंकाच्या अर्ध्यातच केव्हातरी. हेडमास्तरांचा शब्द मात्र फिरला नाही. दफनाला सगळी मंडळी काळे कोट घालून आली आणि हेडमास्तरांनी कबरीशी भाषण केलं. उन्हात पाद्री एका पायावरून दुसऱ्यावर आला, खणणारे फावड्यांवर टेकले, भाषण चालूच. शेवटी म्हणाले, "आमच्या मेजावर ओटमारची खुर्ची आजपासून राखीव राहील."

सगळे माना खाली घालून गप्प राहिले. त्या शांततेत बाबेटनं हातमोजे काढले आणि टाळ्या वाजवल्या. सावकाश, एकटीनं.

"बाई, इथे टाळी वाजवत नाहीत," हेडमास्तर म्हणाले.

"त्यांनाही हेच सांगितलं होतं तुम्ही," ती म्हणाली. "जिवंत माणूस घोरला म्हणून नाकारलात, मेलेला गप्प बसला म्हणून घेतलात. आता ती खुर्ची माझ्या भट्टीवर पाठवून द्या. तिथे जिवंत माणसांना बसायला खुर्ची लागते."

खुर्ची आली नाही. ती रिकामीच राहिली, आणि मेजावरचे लोक म्हणत, हा सर्वांत चांगला सभासद.

ओटमार, बायरॉइटचा पाववाला, माझ्या बहिणीचा नवरा, १९११ च्या ऑगस्टात वारला.