नऊ पिवळी कार्डं

मानसीच्या पत्राला मी सतरा दिवस उत्तर दिलं नाही. नजरेसमोर नको म्हणून तिसऱ्या दिवशी ते शब्दकोशाखाली सरकवलं. पण शब्दकोश मला रोज लागतो.

पत्र छोटं होतं. 'सर, त्या दिवशी तुम्ही हॉलमध्ये होता. पिवळ्या कार्डाचा अर्थ खेळ घेणाऱ्यांना आधीपासून माहीत होता की नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल तर लिहून द्याल का?'

परळच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्तीला सहा वर्षं झाली, तरी नव्या मुलांच्या स्वागताला मला बोलावतात. मी वाचनावर पाच मिनिटं अडखळतो आणि लायब्ररीची कार्डं वाटली जातात. यंदा भाषणाऐवजी खेळ होते. मुलं बुजतात, खेळात ओळखी लवकर होतात, असं स्वागत समितीचा प्रमुख राहुल म्हणाला. तिसऱ्या वर्षाचा, हसतमुख, वाकून नमस्कार करणारा मुलगा. मला पटलं. मी स्वतः कॉलेजात पहिले दोन महिने कोणाशी बोललो नव्हतो.

कार्डं बहुतेक पांढरी असतात. राखीव प्रवर्गातल्या मुलांना योजनेतून वर्षभरासाठी पुस्तकांचा संच मिळतो, त्याला बुक बँक म्हणतात. त्यांचं कार्ड पिवळं. संच परत घेताना गोंधळ होऊ नये, एवढ्यासाठीच वेगळा रंग.

त्या सकाळी मी लायब्ररीत कार्डं मोजायला मदत करत होतो, तेव्हा राहुल गठ्ठे न्यायला आला. त्यानं विचारलं, "सर, यल्लो किती?"

मी म्हटलं, नऊ.

"म्हणजे बुक बँकवाले ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

हॉलमध्ये पडद्यावर एक रंगीत चाक फिरत होतं. मोबाइलवर बटण दाबलं की ते थांबायचं आणि खेळ ठरायचा. आधी एकमेकांच्या सह्या गोळा करायच्या होत्या, मग आपापल्या गल्लीतल्या वडापाववाल्याची नक्कल. मुलं मोकळी हसत होती. तिसरा खेळ आला, 'रंग जुळवा'. आपल्या कार्डाच्या रंगाची माणसं शोधा, हात धरून गोल करा. सर्वांत लहान गोलानं स्टेजवर यायचं.

पांढरा गोल भिंतींना टेकला. मधोमध नऊ जणांचा पिवळा गोल उरला. आधी ती नऊ मुलंही हसत होती. मग मानसीनं आपल्या गोलातल्या एकेकाकडे पाहिलं, हातातल्या कार्डाकडे पाहिलं. तिचं हसू विझलेलं मला खुर्चीवरून दिसलं.

राहुलनं त्यांना वर बोलावलं. प्रत्येकानं नाव, आडनाव आणि प्रवेश परीक्षेतला क्रमांक सांगायचा होता. मागून कुणीतरी म्हणालं, "रिझर्व्ह डबा आला रे." हशा पिकला.

मानसीनं माइक घेतला. "हे कार्ड पुस्तकांसाठी आहे. खेळासाठी नाही." तिनं माइक राहुलच्या हातात दिला आणि ती चालत हॉलबाहेर गेली. माझगावची शॅनन, मानसीशी त्याच दिवशी ओळख झालेली, पांढरा गोल सोडून तिच्यामागे गेली. मी बसून राहिलो.

मानसीनं तक्रार केली. रंगाचा अर्थ आम्हाला माहीतच नव्हता, निव्वळ योगायोग, असं राहुलनं चौकशी समितीला लिहून दिलं. शॅननला हॉलमधलं सांगता आलं, आधीचं नाही. तक्रार निराधार ठरली तर मानसीनं लेखी माफी मागायची, असं कॉलेजात बोललं जाऊ लागलं.

त्याच आठवड्यात मला कॉलेजातून फोन आला. डिसेंबरात तुमचा सत्कार करायचाय, वाचनकक्षाला तुमचं नाव द्यायचा विचार आहे. इतकी वर्षं न सुचलेलं आत्ताच का सुचलं? मी स्वतःला समजवत होतो, राहुलनं गठ्ठे मोजण्यापुरतंच विचारलं असेल. पण मग तो खोटं का लिहितो? मला त्याचा संशय येत होता, फोनचा येत होता, आणि सर्वांत जास्त माझ्या समजूतदारपणाचा.

अठराव्या दिवशी, गुरुवारी, गिरगावहून बस धरून वरळीच्या बीडीडी चाळीत गेलो. दार मानसीच्या आजीनं, मीराबाईंनी उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी दाराच्या चौकटीवरचा हात काढला नाही.

"कालेजानं धाडलं का तुमाला? माफीवर सही घ्याला?"

मी म्हटलं, स्वतःहून आलोय.

"मग इतके दिस कुठं व्हता?"

त्यांनी आत घेतलं, चहा टाकला. मानसी टेबलाशी बसून शॅननच्या पुस्तकातून उतरवून घेत होती. वर्गात ती रोज जात होती. लायब्ररीत मात्र तिनं पाऊल ठेवलं नव्हतं. पुस्तकांचा संच तिच्या नावानं तिथेच पडून होता. न्यायला कार्ड दाखवावं लागतं.

सोमवारी समितीची शेवटची बैठक आहे, असं ती म्हणाली. माफी ती मागणार नव्हती. त्यापेक्षा कॉलेज सोडणार होती. मग तिनं शांतपणे विचारलं, "सर, पिवळा रंग ठरवला कोणी?"

"मी."

तिनं पेन खाली ठेवलं. मीराबाईंनी माझ्यासमोरचा कप परत उचलून नेला नाही, एवढंच. त्या म्हणाल्या, "च्या घ्या, गार व्हतोय. आन् घरी जाऊन आदी ते लिवा."

रात्री न थांबता लिहिलं. 'राहुलला अर्थ माहीत होता. त्यानं मला विचारलं आणि मी होकार दिला. रंग मीच निवडला होता. नोंद माझ्या रजिस्टरात करता आली असती, ती मी मुलांच्या हातात दिली. सर्वांची कार्डं एकाच रंगाची करावीत. सत्कार नको. बोलावलंत तर समोर येऊन हेच सांगेन.' एक प्रत मानसीला, एक समितीला.

शुक्रवारी पोस्टात दोन्ही पाकिटं स्पीड पोस्टनं पाठवायला दिली. खिडकीपलीकडच्या बाईंनी ती उलटून पाहिली आणि परत सरकवली.

"पाठवणाऱ्याचं नाव नाही, आजोबा. त्याशिवाय घेता येत नाही."

मी पेन मागून घेतलं. दोन्ही पाकिटांवर माझं पूर्ण नाव आणि पत्ता लिहिला, आणि ती आत सरकवली.