स्वस्तातलं लायसन्स

आमच्या परळच्या ऑफिसात पाण्याच्या फिल्टरच्या ग्राहकांची माहिती सॉफ्टवेअरमध्ये असते. फोन करणाऱ्या आम्हा बायकांचं लायसन्स स्वस्तातलं. त्यात नोंद लिहिता येते, पण दुसरीने लिहिलेली दिसत नाही.

आज डिलाईल रोडच्या एका घरी फोन लावून मी हसतहसत विचारलं, "मिस्टर राणे आहेत का?"

"अहो, ते गेले! तुमच्याकडच्या तिसऱ्या बाईला सांगतेय मी," म्हणत राणेबाई रडायला लागल्या.

साहेबांच्या स्क्रीनवर आधीच्या दोन्ही नोंदी होत्या.

"साहेब, आम्हालाही दिसू द्या ना."

"ललिताताई, पूर्ण लायसन्स महाग पडतं. सॉरी म्हणायचं नि पुढचा फोन लावायचा," म्हणत त्यांनी चहात खारी बुडवली.

ग्राहकाचा नंबर बदलायची मुभा आम्हाला आहे. राणेबाईंचा काढून मी साहेबांच्या घरचा टाकला.