सनीचं खरं वजन

मित्रांनो, आढ्याला टांगलेला, गोल तबकडीचा जुना वजनकाटा मी. माझ्या आकड्याला झोळी अडकवतात, झोळीत मूल बसवतात.

माझी उमेदीची वर्षं गेली नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात. तिथं बाळ वरणभात खाईना म्हणून आया रडकुंडीला येत आणि बाबा माझ्या तबकडीचे फोटो काढत. मग चकचकीत आकड्यांचा काटा आला. "गरिबांच्या कामी येईल," म्हणत मला सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर अंगणवाडीत धाडलं. जिल्हा एकच, मीही तोच. पण इथं दोन वर्षांचं पोर बसलं, तरी झोळीला धड झोल पडत नाही.

परवा भाग्यश्रीनं तिच्या सनीला बसवलं. सुई झोकात पुढं सरकली. मला मात्र झोळीत काहीतरी गार, टणक टोचत होतं. सांगणार कसं? मला तोंड नाही, सुई आहे.

"काय गं, महिन्यात एवढा भरला?" सेविका तानुताई हसल्या. "काय चारलंस, आम्हालाही सांग."

"नागलीची भाकर. आणखी काय असतं घरात?"

ताईंनी सनीला उचललं, तसा झबल्यातून नदीतला गोटा खाली पडला. पोरं घेऊन आलेल्या बाया हसल्या.

"भाग्या, मला फसवतेस?"

"वजन कमी निघालं का तुमी आमा मायलेकांना तालुक्याच्या दवाखान्यात पंधरा दिस ठेवता. तवर मुकादम द्राक्षबागेवर दुसरी बाई लावतो. म्हातारीनं नि थोरलीनं काय खावं?"

"आणि ह्याचं काय?"

"ह्याच्यासाठीच तर जाते ताई."

ताईंनी सनीला पुन्हा बसवलं. सुई घसरली. "उद्या दुपारी दवाखान्याची गाडी बोलावते," त्या म्हणाल्या. "थोरली जेवेल माझ्याकडं." भाग्यश्री सनीला उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुकादमाची पिकअप आली. सनी आईच्या काखेत बसून दिंडोरीच्या द्राक्षबागांकडं गेला. दुपारी दवाखान्याची गाडी आली, रिकामीच परतली. माझी सुई बरोबर होती, मित्रांनो. काय करू त्या बरोबरपणाचं? खरं वजन दाखवूनही पोर दवाखान्यात पोचलंच नाही ना?

मला पुसा, तेल घाला, असं मी म्हणणार नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल, अशी कामं ठरवाल. तेव्हा एखाद्या लेकराला दवाखान्यात ठेवा म्हणाल, तर त्याच दमात त्याच्या आईची रोजीही चालू ठेवा. नुसतं लेकरू तोलून भागत नाही.